दोन चुली

दारासमोर सरकारी गाडी थांबली तशी ओझेलाने धाकट्या बहिणीचा, मेबलचा, कप कपाटात मागे सरकवला. तिच्यासाठी पुढच्या खोलीत घातलेला बिछानाही तिने घाईघाईने गुंडाळला.

गरीब घराला सरकारची सवलत एकच, फोनच्या बिलावर घ्या नाहीतर इंटरनेटच्या. ओझेलाची फोनवर होती. मेबल राहायला आली तेव्हा दोघींनी शपथेवर लिहून दिलं, छप्पर एक असलं तरी चुली दोन आहेत. मग मेबलच्या नावाने इंटरनेटही स्वस्तात आलं. मिसिसिपीच्या या गावात निम्मे लोक हेच करतात. चोरी उघडी पडली तर मात्र दोन्ही सवलती जातात.

आणि आता इंटरनेट जाऊन चालणार नव्हतं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून मेबल तिकडे जॅक्सन शहरात, सरकारी इस्पितळात होती. घरी आल्यावर डॉक्टर तिला पडद्यावरच तपासणार होते. तिच्यावाचून ओझेलाला घर खायला उठत होतं.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण बाई पायरीवर आली. "मिस ओझेला ना? मिस मेबलबद्दल विचारायचं होतं. त्या तुमच्याजवळच राहतात?"

"पत्ता एक आहे. बाकी काही नाही."

"जेवण एकत्र?"

"तिचं ती बघते. माझी चूल वेगळी."

बाईने आत नजर टाकली. "एकटीला एवढं मोठं पातेलं भाजी?"

"मला भूक लागते, पोरी. देवाने पोट दिलंय."

बाई हसली नाही. "अडीअडचणीला तरी तुम्ही बघता ना त्यांचं? सख्ख्या बहिणी आहात."

"सख्खी आहे म्हणूनच चांगली ओळखते. तिला पाण्याचा पेलासुद्धा मी उचलून देणार नाही." लहानपणी दोघी एका गोधडीत वाढल्या होत्या. पण बाई टॅबलेटवर सगळं टिपून घेत होती, म्हणून तिने आणखी एक ठोकून दिलं. "माझ्या लेखी ती परकीच."

बाईने टॅबलेट बंद केला. ओझेलाने सुटकेचा श्वास सोडला.

"झालं का तुमचं काम?"

"झालं. इस्पितळाने खात्री करायला पाठवलं होतं, घरी सोडलं तर त्यांना सांभाळणारं कोणी आहे का. आता वृद्धाश्रमातच पाठवावं लागेल." बाई पायरी उतरली. "मीच सांगते त्यांना. सकाळपासून बूट घालून बसल्यात."