काळे शर्ट

"एडनाबाई, पोरं खेळायला निघालीत की मयताला?" फुटबॉल क्लबचे चेअरमन कडाडले. युद्ध संपलं तरी इंग्लंडात कापड रेशनवरच होतं, म्हणून एडनाने हवाई हल्ल्यांत उजेड झाकायला लावलेल्या ब्लॅकआउटच्या काळ्या पडद्यांचे शर्ट शिवले होते. आज जिंकले नाहीत, तर संघ खालच्या लीगमध्ये जाणार आणि खापर तिच्याच शिलाई मशीनवर फुटणार!

शेवटचं मिनिट उरलं तरी बरोबरीच होती. तिच्या नवऱ्याने, कॅप्टन विल्फने, गोलजवळचा काळा शर्ट बघून झोकात पास ठोकला.

शर्टात निघाला रेफ्री; त्याचा शर्ट तर नेहमीच काळा! बिचारा घाबरून वळला, तर चेंडू त्याच्या पार्श्वभागावर आपटून थेट गोलमध्ये. तेव्हाच्या नियमाने रेफ्रीला लागलेला चेंडूही खेळातच, म्हणून गोल धरावाच लागला.

चेअरमन धावतच आले. "एडनाबाई, पुढच्या मोसमात एक शर्ट कमीच शिवा हं. एक गडी आयताच मिळतोय!"