दाढदुखी

दाढ ठणकते सांगून उर्वशी मोहाच्या दारूत भिजवलेला कापसाचा बोळा तोंडात धरायची. पुढं बोळा सुटला, पेला आला. लग्नाआधी संत्र्याच्या बगीच्यात ठेकेदारानं तोंड दाबून तिच्यावर जबरदस्ती केली होती. डोळे मिटले की तो हात परत तोंडावर यायचा. प्यायली तरच झोप लागायची. सासरी मात्र दुखणं दाढेचंच होतं. शेवटी सासूनं तिला सौसरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. खुर्ची मागे कलली, डॉक्टर वाकला, त्याचा हात ओठांजवळ आला आणि उर्वशी किंचाळत बाहेर पळाली. पायरीवर ती बसली. सासू शेजारी टेकली. "तुही दाढ नाही दुखून राहिली, पोरी." सासूनं कनवटीची डबी उघडून दाढेसाठी म्हणून ठेवलेला तंबाखूचा गुडाखू बिनदाताच्या हिरड्यांवर चोळला. "हे सुरू केलं तवा माह्याबी दाढा चांगल्याच होत्या."