न उकरलेला पट्टा

पहिली थप्पड बसली तरी मार्नी ट्रॅक्टरपुढून हलली नाही. दुसरीला ती खाली पडली. ओठ फुटला.

"ऊठ," क्लेटन म्हणाला. "नाहीतर तुझ्या अंगावरून नेईन."

क्लेटन तिचा दीर. त्याचा भाऊ हार्लन, म्हणजे मार्नीचा नवरा, चार वर्षांपूर्वी ऐन वसंतात नाहीसा झाला. दारू प्यायला, मारझोड केली आणि निघून गेला, असं मार्नीने सगळ्यांना सांगितलं. हार्लनचा हात किती चालायचा हे गावाला ठाऊक होतं. गेला ते बरंच झालं, असंच लोक म्हणाले.

क्लेटनला ते कधीच पटलं नाही. सरोवराकाठच्या त्या सफरचंदाच्या बागेत उतारावर रानफुलांचा एक लांब पट्टा होता, आणि मार्नी त्याला कुणाला कुदळ लावू देत नसे. आज तो ट्रॅक्टरला खोदायचा पंजा लावूनच आला होता.

"अख्खा गाव नांगरतो, फवारतो. तूच तेवढी तणाची पुजारीण! काय पुरलंयस इथं?"

"माशा आहेत रे, रानातल्या मधमाशा. जमिनीत घरं असतात त्यांची. एकदा माती उकरली की वर्षानुवर्षं फिरकत नाहीत तिथं."

मधमाशांचं बोलणं निघालं की क्लेटनचे कान बंद व्हायचे. "पेट्या मिळतात भाड्यानं. आण की ट्रकभर."

"त्या पेट्यांतल्या थंडीत बाहेर पडत नाहीत. ह्या पडतात. बघ, फुलोरा आलाय आणि हातपाय गारठलेत. हा पट्टा गेला तर माझी बाग गेली, क्लेटन. दुसरीकडे कुठंही खण."

"एवढी आडवी पडतेस? चोराच्या मनात चांदणं! हार्लन सापडला की तू जन्मभर तुरुंगात, आणि माझ्या बापाची बाग माझी."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ह्या फाटकात पुन्हा पाय ठेवणार नाही. आईच्या थडग्याची शपथ."

त्याने तिचे केस धरून तिला फरपटत बाजूला नेलं आणि पंजा जमिनीत घातला.

डँडेलियन, रानजिरेनियम, विलोची झुडपं, सगळं मुळासकट वर आलं. मातीच्या ढेकळांतून पिवळ्या पराग-गोळ्यांसकट इवल्या खोल्या फुटून पडल्या. काळ्या, हिरव्या चकाकणाऱ्या, केसाळ तांबूस माशा घरं शोधत घिरट्या घालू लागल्या आणि चाकांखाली चिरडल्या गेल्या. मार्नी ओरडत होती. तिने माती उचलून त्याच्या तोंडावर फेकली, त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती रडत होती, आणि त्या रडण्यात काही खोटं नव्हतं.

उंदरांच्या जुन्या बिळात बिऱ्हाड थाटलेले भुंगे पंजाखाली आले. ते क्लेटनच्या मानेवर, डोळ्यांवर तुटून पडले. शिव्या देत त्याने बिळात डिझेल ओतलं आणि काडी लावली. आतली गुणगुण हळूहळू बंद झाली.

पट्ट्याच्या शेवटी हाड लागलं. क्लेटन उडी मारून खाली उतरला, हातांनी माती उपसू लागला. हरणाचा जबडा निघाला. डोंगर पोखरून उंदीर!

मग मात्र त्याचं अवसान गळालं. एक डोळा सुजून मिटला होता. तो उकरलेल्या चराकडे बघत राहिला.

"चुकलो मी, मार्नी," तो म्हणाला. "चुकलो. पुन्हा येणार नाही. हार्लन पळूनच गेला असणार, हरामखोर."

मार्नीने बाहीने ओठ पुसला.

"भोवळ येतेय मला. जरा टेकू दे कुठंतरी. इथं तर सगळीकडे ह्यांची भोकं..."

खरंच, पट्टा सोडून बागेतही जागोजागी, झाडाझाडाखाली मातीच्या बारीक ढिगल्या होत्या आणि प्रत्येकीतून माशा जात-येत होत्या. मार्नीने त्याला दंडाला धरून कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या सफरचंदाच्या झाडापर्यंत नेलं. तिथली जमीन स्वच्छ, मोकळी होती.

"इथं बस खुशाल," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, इथं एकही माशी घर करत नाही."