निजणं थोरलीकडे, जेवण धाकटीकडे

“तिला सांगा, भाजीत मीठ जास्त झालंय,” थोरली म्हणाली.

पाहुणी हसली, तिने मान डोलावली. चुलीपाशी बसलेल्या धाकटीने तोंड वर केलं नाही. “त्यांना सांगा, मीठ बरोबर आहे. वय झालं की जीभ बिघडते.”

पाहुणीने पुन्हा मान डोलावली.

दोघी जावा. अंगण एक, दारं समोरासमोर, आणि एकोणीस वर्षं आडवा विस्तव जात नव्हता. नवरे गेले तेव्हाही एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता दोघी आपापल्या घरात एकट्या. गावाने फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना पैसे घेऊन घरोघरी ठेवायचं ठरवलं, तेव्हा बचत गटाच्या बायका घरं बघत फिरल्या. थोरलीकडे हवेशीर खोली होती, नीट संडास होता, पण तिच्या हाताला चव नाही हे गावाला पाठ. धाकटीच्या हाताला चव होती, पण घरात पाय पसरायला जागा नव्हती. गटप्रमुखबाईंनी दोघींची नावं एकाच ओळीत लिहिली. निजणं थोरलीकडे, जेवण धाकटीकडे. वर नियम घातला, की पाहुणीला एकटीला जेवू घालायचं नाही, दोघी यजमानिणी शेजारी हव्यात. दहा दिवस नीट पार पडले तर नावं यादीत कायम. पाहुणी मध्येच निघून गेली, तर दोन्ही घरं बाद. दोघींनी नाकं मुरडली आणि हो म्हटलं. घरात कोणी तरी येईल, एवढंच दोघींना हवं होतं.

म्हणून एकोणीस वर्षांनी थोरली धाकटीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तोंड मात्र पाहुणीकडे. लेकी बोले सुने लागे, तसं दोघींचं सुरू झालं. पहिले दोन दिवस मीठ आणि तिखटावर गेले. मग पाहुणीमार्फत गुडघ्यांची चौकशी झाली. सहाव्या दिवशी सासूच्या चिक्कूपणावरून दोघी एकदमच खो खो हसल्या, आणि दचकून दोघींनी पाहुणीकडे पाहिलं, जणू विनोद तिनेच केला होता. सातव्या दिवशी थोरलीने न सांगता भाजी चिरायला घेतली. धाकटीने विळी तिच्याकडे सरकवली. बोलली मात्र पाहुणीशीच. “त्यांना सांगा, बारीक चिरा.”

शेवटच्या संध्याकाळी थोरलीने हातातला घास ताटात ठेवला.

“तिला सांगा,” ती पाहुणीला म्हणाली, “तिची लेक तापाने गेली, तेव्हा मी माहेरी होते. आई अंथरुणावर होती. मला निरोप चौथ्या दिवशी मिळाला. धावत आले, तर हिने दार लावून घेतलेलं. मी मुद्दाम यायचं टाळलं नव्हतं हो.”

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला.

“त्यांना सांगा,” शेवटी ती म्हणाली, “मला ते वर्षाच्या आतच कळलं होतं. पण तोवर अबोल्याची सवय झाली होती. पहिला शब्द कोणी काढायचा, एवढंच अडलं.”

पाहुणीने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. जेवण तसंच राहिलं. थोरलीने डोळ्यांना पदर लावला.

सकाळी पाहुणी दोघींना मिठी मारून गाडीत बसली. अंगणात दोघीच उरल्या. थोरलीला भीती वाटली. कालचं सगळं बोलून झालं खरं, पण आता यापुढे सांगायचं कोणाला? धाकटी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती. तिचीही तीच गत होती. दोघींनाही एकमेकींकडे बघवेना.

तेवढ्यात गटप्रमुखबाई धापा टाकत आल्या.

“माफ करा बायांनो, माझ्याकडून घोळ झाला! आपली भाषा येणारी पाहुणी चुकून वरच्या आळीत गेली. तुमच्याकडच्या बाईंना तर ओ की ठो कळत नव्हतं. दहा दिवस काढलेत तरी कसे?”

“मला पहिल्याच जेवणाला कळलं होतं,” थोरली खाली बघत म्हणाली.

धाकटीने केरसुणी भिंतीला टेकवली.

“मलाही, जाऊबाई.”