अधिकाचं वाण

“आई, अनारसे तळ,” कुलदीप म्हणाला. “रविवारी दाजींना वाण द्यायला बोलावलंय.”

सावित्रीबाईंच्या हातातली परात ओट्यावर आदळली. “कुणाला?”

“हर्षवर्धन दाजींना. अधिक महिना आहे. जावयाला वाण नको द्यायला?”

“लेक जाऊन वर्ष झालं नाही, आणि जावयाला वाण? डोकं फिरलं काय रे तुझं?”

फिरल्यासारखंच होतं. त्यांच्या लेकीला, रश्मीला, हर्षवर्धननंच मारलं होतं, दुसरं काय म्हणायचं? आउटर रिंग रोडवर हा गाडी उडवत होता. ती आईशी फोनवर बोलत होती. मध्येच म्हणाली, “अहो, जरा हळू,” आणि पुढे फक्त इंजिनाचा आवाज वाढत गेला. गाडी दुभाजकावर चढली. ह्याच्या कपाळाला खरचटलं आणि ती जागेवर गेली. पोलिसांत हा सांगतो काय, तर मेहुण्यानं लावलेला टायर फुटला! टायर फुटला होता, पण आदळल्यावर. कुलदीपनं ती गाडी ठाण्याच्या आवारात स्वतः तपासली, सगळ्यांना सांगितलं. ऐकतो कोण? गौलीगुड्याच्या बाजारात कुलदीपच्या टायरच्या दुकानाची बदनामी व्हायची ती झालीच.

आता त्या बाबानं दुसरी गाडी घेतली होती, कुणाची तरी वापरलेली. बीदरची मुलगीही बघून ठेवली होती. अधिक उतरला की साखरपुडा.

“गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेत त्यांचे,” कुलदीप म्हणाला. “वाण म्हणून चारही नवे देतो.”

सावित्रीबाईंनी परात बाजूला सारली. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “नट ढिले ठेवशील?”

“आई! दुकान आहे ते. असलं काम माझ्या हातून व्हायचं नाही.”

तरी त्यांनी अनारसे तळले. पोराच्या मनात काहीतरी आहे, अशी आस त्यांना लागली होती. आईचं काळीज जळत होतं, आणि कुणीतरी त्या माणसाला अद्दल घडवावी एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी हर्षवर्धन दुकानावर आला. पांढरा सदरा, गॉगल, मनगटात कडं. सुतक, दुखवटा असलं काही ह्याच्या गावी नव्हतं.

“दाजी, गाडी सावलीत घ्या,” कुलदीप म्हणाला.

“इथंच बरी आहे,” म्हणत त्यानं ती भर उन्हात उभी केली.

“काही थंड घेता?”

“चहा सांग.”

सावित्रीबाईंनी ताटात अनारसे आणि दिवा ठेवून त्याच्यापुढे धरलं. त्यानं दिवा उलटासुलटा करून पाहिला. “चांदीचाच आहे ना, मामी?” वर हसला. सावित्रीबाई ताट तिथंच ठेवून मागे सरल्या. नाहीतर त्या तिथंच ओरडल्या असत्या.

टायर बदलणारा यादगिरी आतून चार टायर घेऊन आला. हर्षवर्धनचं लक्ष मात्र दुकानाच्या तोंडाशी रचलेल्या चार टायरांवर होतं. उंच, रुंद, काळेभोर.

“ते कुणाचे?”

“ते सोडा, दाजी. तुमच्या गाडीच्या मापाचे हे आहेत. कंपनी हेच देते.”

“आणि ते का नाही?”

“मोठे आहेत. मीटरवर शंभर दिसेल तेव्हा गाडी एकशे दहाला असेल. ब्रेकही उशिरा लागेल. वेगात खड्डा आला की टायर आतून पत्र्याला घासणार. घासून घासून फाटायचा एखाद दिवशी.”

दुकानात पंक्चर काढायला आलेली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती. यादगिरीही बोलला, “अन्ना सही बोलरे साब. ये नक्को लेव.”

हर्षवर्धन लाल झाला. “म्हणजे चांगला माल गिऱ्हाइकाला आणि जावयाला हलका? वाण द्यायला बोलावलंस की अपमान करायला?”

“दाजी, हात जोडतो. गाडीत तुम्ही एकटे असलात तरी जीव आहे तो. मी हे लावणार नाही.”

“लावणार नाहीस? तू मला शिकवतोस? कालचा पोरगा! ए यादगिरी, ते मोठे लाव. मी सांगतोय!”

यादगिरीनं कुलदीपकडे पाहिलं. कुलदीप मान खाली घालून म्हणाला, “लाव बाबा. दाजींचा मान आहे.”

मोठ्या चाकांवर गाडी रुबाबदार दिसू लागली. हर्षवर्धननं तिच्याभोवती दोनदा फेरी मारली, फोटो काढले आणि बीदरला पाठवले. आत्ताच तिकडे निघालोय, म्हणाला. अनारशांचा डबा मागच्या सीटवर फेकला.

“दाजी, आधी दोन दिवस गावातच चालवून बघा,” कुलदीप खिडकीशी वाकून म्हणाला. “हायवेला नका नेऊ. ऐका माझं.”

काच वर गेली. गाडी बसस्टँडकडच्या वळणावर कर्कश हॉर्न देत सुसाट निघून गेली.

गिऱ्हाइकं गेली. यादगिरी जेवायला गेला. तोपर्यंत दाबून धरलेलं सावित्रीबाईंच्या तोंडून फुटलं.

“हात जोडतोस? त्याच्यापुढे? सख्ख्या बहिणीला खाल्लं त्यानं, आणि तू त्याचा जीव सांभाळतोस! मला वाटलं होतं, माझ्या पोटी एक तरी मर्द आहे. चार लोकांसमोर कळवळून सांगत होतास, हे लावू नका, हायवेला जाऊ नका. त्यानं ऐकलं असतं तर वाचला असता की रे मेला!”

कुलदीप कपड्यानं हात पुसत होता. एकेक बोट, सावकाश.

“आई, ते माप गौलीगुड्यात कुणी ठेवत नाही,” तो म्हणाला. “ते टायर मी महिन्याभरापूर्वी त्यांच्याच गाडीसाठी मागवून दुकानाच्या तोंडाशी रचून ठेवले होते. घ्या म्हटलं असतं, तर घेतले असते का त्यांनी?”