ह्यू मॅकिल्वेनचं मृत्युपत्र

"पान एक्केचाळीस," ओर्फा म्हणाली. "शब्दन् शब्द माझा आहे, हर्शेल. एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही तिने."

तिच्या धाकट्या भावाने गाडी चर्चमागच्या गवतावर लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. "ताई, अजून वेळ आहे. घरी जाऊ. आत काही बोललीस तर लोक म्हणतील, म्हातारीच्या पोटात दुखलं."

"दुखलंच आहे माझ्या पोटात. बंद कर ते इंजिन."

मांडीवरच्या पुस्तकाचं नाव होतं 'ह्यू मॅकिल्वेनचे वंशज' आणि खाली लेखिका म्हणून लिनेट टेगार्ट. आभारांच्या यादीत ओर्फाचं नाव नववं होतं, चर्चचा परिसर साफ ठेवणाऱ्या माणसाच्या खाली.

ह्यू मॅकिल्वेन अँट्रिमचा विणकर. १७३७ साली बायकोला घेऊन, समुद्र ओलांडून तो न्यू कॅसलच्या धक्क्यावर उतरला, तिथल्या वहीत त्याचं नाव आहे. मग तो हवेत विरला. सतरा वर्षांनी शेनान्डोआच्या दरीत जॉन मॅकिल्वेन नावाचा गिरणीवाला सापडतो. ओर्फा, हर्शेल आणि या गावातली निम्मी माणसं त्या जॉनच्या वंशातली. पण जॉन ह्यूचाच मुलगा, याला पुरावा नव्हता. ओर्फाने शाळेतून निवृत्त झाल्यावर एकोणीस वर्षं त्यात घातली. कोर्टांची तळघरं, चर्चची दप्तरं, काटेरी झुडपांत बुडालेले थडग्यांचे दगड. लग्न तिने केलं नव्हतं. "ह्यूशी झालंय ना तिचं," असं गावात गमतीने म्हणत.

लिनेट तिची चौथीतली विद्यार्थिनी. नवरा सोडून सहा वर्षांपूर्वी माहेरी परतली, तेव्हा ओर्फाने तिला जुनी अक्षरं वाचायला शिकवलं, सोबत घेऊन हिंडली. फेब्रुवारीत ओर्फाला न्यूमोनिया झाला, तेव्हा हीच रोज कोंबडीचं सूप घेऊन यायची. एका संध्याकाळी ओर्फाने उशाखालची फाईल काढून दिली होती. आत हाताने लिहिलेली ह्यूच्या मृत्युपत्राची नक्कल होती.

"पोरी, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. मी गेले तर तू सांभाळ."

"असं काय बोलता, बाई!" म्हणत लिनेट रडली होती. खरंच रडली होती, हेच ओर्फाला आता सहन होत नव्हतं.

चर्चच्या सभागृहात पुस्तकाच्या प्रकाशनाला साठेक माणसं जमली होती. भिंतीलगत हॅम-बिस्किटं, अ‍ॅपल पाय, कॉफी. दाराशी झाकून ठेवलेला नवा स्मारकाचा दगड होता. त्यावर ह्यूचं आणि त्याच्या मुलाचं नाव कोरलेलं. ओर्फा दुसऱ्या रांगेत बसली. लिनेटने तिच्याकडे पाहिलं, हसली आणि पुस्तक उघडलं.

"मी ती पेटी उघडली तेव्हा माझे हात थरथरत होते," लिनेट सांगत होती. "कोर्टाचं तळघर, दिवा मिणमिणता. आणि पेटीच्या तळाशी हा कागद. 'माझा मुलगा जॉन, जो दरीतल्या गिरणीवर राहतो, त्याला माझा माग आणि माझी तपकिरी घोडी.'"

कुणीतरी नाक पुसलं. ओर्फाचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. टाळ्या सुरू झाल्या आणि ती उभी राहिली.

"खोटं बोलतेस तू, लिनेट."

टाळ्या तुटत तुटत थांबल्या.

"बाई..."

"कुठली पेटी? कुठलं तळघर? मी तुला दिलं ते. माझ्या बिछान्यात बसून, माझ्या हाताने."

लिनेटचा चेहरा पडला, पण आवाज मऊच राहिला. "बाई, फेब्रुवारीत तुम्हाला किती ताप होता! तुम्ही मला कितीतरी कागद दाखवलेत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण हे मला सापडलं."

मागून एक बाई कुजबुजली, "अरेरे, वय झालं बिचारीचं." ते ओर्फाला स्पष्ट ऐकू आलं. एकोणीस वर्षांत इतकं काही लागलं नव्हतं.

"ते मृत्युपत्र माझं आहे," ती म्हणाली. "तुझं नाही. काहीही झालं तरी तुझं नाही."

पास्टर गॅल्ब्रेथ मध्ये आले. सरळ माणूस, दोघींनाही वर्षानुवर्षं ओळखणारा. "हे बघा, भांडण नको. यात अवघड काय आहे? मूळ कागद जिला सापडला ती सांगेल तो कुठे आहे. सोमवारी मी स्वतः जाऊन बघतो. लिनेट, कुठलं कोर्ट?"

लिनेटने पाण्याचा घोट घेतला. "माझ्या टिपणांत आहे. घरी."

"मिस ओर्फा?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हर्शेल अर्धवट उठला होता. "सांग ना, ताई! सांग आणि मिटव एकदाचं. कुठल्या कोर्टात मिळालं तुला?"

ओर्फाने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. लिनेट तिच्याकडे बघत होती आणि त्या नजरेत चोरट्या भीतीखेरीज काही नव्हतं. पोरीला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

"माझीच काहीतरी गल्लत झाली असेल," ओर्फा म्हणाली आणि हळूच खाली बसली.

लिनेट खोटं बोलतेय, हे त्या साठ माणसांत एकट्या तिलाच खात्रीने ठाऊक होतं. कारण एकोणीस वर्षं शोधून शोधून थकल्यावर, ह्यू मॅकिल्वेनचं ते मृत्युपत्र तिनेच स्वतःच्या टेबलाशी बसून रचलं होतं.