उलटी प्लेट

गिअर पडेना. इंजिन चालू होतं, क्लच तळापर्यंत दाबलेला होता, तरी आतून नुसते दात खाल्ल्याचे आवाज येत होते. भैय्याजींनी पुन्हा एकदा करून पाहिलं आणि चावी बंद केली.

वाडीतल्या त्यांच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमधला आवाज थांबला. बाहेर अमरावती रोडवरचे ट्रक तेवढे चालू होते. दोन दारांची, लांब नाकाची ती जुनी विलायती स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन दुरुस्त होऊन आज परत जागेवर बसलं होतं. चेनकुप्पीच्या साखळीला टांगलेलं ते धूड भैय्याजी, प्रीतम आणि हाताखालच्या गोलूने सकाळपासून इंचाइंचाने खाली सोडलं होतं. तिघांच्याही कमरा मोडून आल्या होत्या. आता घरी जाऊन पडायचं, एवढंच डोक्यात होतं.

"काय झालं हो?" कृष्णकांतराव स्टुलावरून उठले. गाडी त्यांची. ती चालवून पाहायला ते खास टोपी घालून आले होते.

भैय्याजींना कळून चुकलं होतं. क्लचची प्लेट उलटी लागली होती. तिचा मधला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे असावा लागतो. तो इंजिनाकडे गेला होता. याला बाहेरून इलाज नाही. रेडिएटर, सायलेन्सर, माउंटिंग, सगळं पुन्हा सोडायचं आणि इंजिन पुन्हा वर उचलायचं.

"प्लेट उलटी लागली, साहेब," प्रीतम म्हणाला. "माह्या हातून झालं."

भैय्याजींनी मान वर केली. प्लेट त्यांनी स्वतः लावली होती. घामाने डोळे चुरचुरत होते, म्हणून बोटांनी चाचपून लावली होती. प्रीतम तेव्हा शेजारी उभा राहून बोल्ट पुसत होता. तो त्यांचा सगळ्यात जुना चेला. आता त्याचेही केस पिकले होते आणि शेड खरं तर तोच चालवत होता.

क्षणभर भैय्याजींना बरं वाटलं. मग लहानू मिस्त्री आठवले. लहानू मिस्त्री त्यांचे उस्ताद. शेवटी शेवटी त्यांचं काहीही चुकलं तरी कोणी ब्र काढत नसे. "होते असं," सगळे म्हणत. हाताला धरून त्यांना बाकावर नेत आणि चहा देत. भैय्याजींनीच कितीदा नेलं होतं. एक दिवस ते बाकावरच बसायला आले आणि पुढे बसायलाही येईनासे झाले.

"त्याने नाई. मी लावली," भैय्याजी म्हणाले.

प्रीतम गडबडला. "जाऊ द्या ना, भैय्याजी. होते असं. बसा तुम्ही, आम्ही काढतो इंजिन."

"हो, बसा ना," कृष्णकांतराव म्हणाले. "या वयात इतकं करता, हेच पुष्कळ आहे."

भैय्याजी बसले नाहीत. "प्रीतम, गोलूनं उलटी लावली असती तर काय म्हणलं असतं त्याले?"

प्रीतम पाने गोळा करू लागला.

"मी सांगतो," साखळी आवरता आवरता गोलू म्हणाला. "माह्या खानदानाची वरात काढली असती यानं. नाक्यापर्यंत ऐकू गेलं असतं."

"तू चूप बस बे!"

"मग मले काहून नाई?" भैय्याजींनी विचारलं. "मी इथं काम करून राहिलो, का पाहुणा आलो?"

"तुम्हाले कसं बोलू?"

"त्याले बोलतो तसं. बोल."

प्रीतमने इंजिनाकडे पाहिलं. मग स्वतःच्या काळ्या, सोललेल्या हातांकडे. उद्याचा अख्खा दिवस त्याला दिसला असावा.

"डोळे गहाण टाकले होते का?" तो पुटपुटला. मग आवाज चढला. "आँ? दिसत नोतं तर हाक माराले काय झालं होतं? बाजूलेच तर उभा होतो मी! चष्मा काय खिशात ठेवाले घेतला? नवा पोट्टा बी प्लेट पलटवून पाह्यते! तिघांचा दिवस मातीत घातला, अन् वरून म्हणते, बोल!"

कृष्णकांतरावांनी टोपी काढून हातात घेतली. "अहो, प्रीतम, मोठे आहेत ते..."

"तुम्ही थांबा, साहेब!" प्रीतम आता ऐकणार नव्हता. क्लचवरून तो मागच्या महिन्यात चुकलेल्या कार्बोरेटरवर गेला, तिथून हेडच्या गॅस्केटवर. शेजारच्या गोदामातले दोघे दारात येऊन उभे राहिले. गोलूच्या हातातली साखळी तशीच राहिली.

दम घ्यायला प्रीतम थांबला, तर समोर कोणीच नव्हतं. गाडीखालून भैय्याजींचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"मोठा पाना दे," खालून आवाज आला. "अन् बोलत राह्य. थांबू नको."